एक मिलिमीटर कमी

पाइपची जाडी दोन मिलिमीटर भरली तेव्हा विनुताला आधी वाटलं, जाडी मोजायचा व्हर्निअरच बिघडलाय. तिनं तो ओढणीला पुसला, शून्यावर आणून पाहिला आणि पुन्हा पाइपच्या कापलेल्या तोंडाला लावला. दोनच. हवी होती तीन. शेडच्या कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता, तोही तिनं उपसला. काही तुकडे तीनचे निघाले, काही दोनचे. मग ती गाडीपाशी गेली आणि पान्यानं पाइप ठोकत सुटली. खालचे पाइप बसका, भरीव आवाज देत होते. ड्रायव्हरच्या पाठीमागून डोक्यावरून जाणारी मोठी कमान मात्र रिकाम्या डब्यासारखी वाजली.

ती तिथंच टायरवर बसली.

तंजावूरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलची मुलं दरवर्षी एक गाडी बांधायला घेत. रस्त्यावरची नव्हे, चिखल, खड्डे, दगडाधोंड्यांचे चढ तुडवत जाणारी, एका माणसाची उघडी गाडी. आराखडा मुलांनी करायचा, वेल्डिंग मुलांनी करायचं आणि जानेवारीच्या शेवटी उत्तरेकडे देशभरच्या कॉलेजांची स्पर्धा असते तिथं ती पळवायची. गेल्या वर्षीची गाडी शेडबाहेर गेलीच नाही. यंदा डिपार्टमेंटनं स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी शेड दुसऱ्या प्रयोगशाळेला जाणार. एक भातगिरणीवाला, एक रेशमी पट्टुसाड्यांचा दुकानदार आणि मुलांचे स्वतःचे खिसे, एवढ्यावर वर्षभर सगळं चाललं होतं. टायर जुने, गिअरपेटी मोडीत काढलेल्या मालवाहू ऑटोची, सीट भंगारातल्या व्हॅनची.

विनुता या टीमची कॅप्टन. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या वादिराजरावांची एकुलती एक मुलगी. घरात तंजावूरची जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर पडलं की तमिळ. या गाडीपायी तिनं नोव्हेंबरात एका चांगल्या कंपनीची मुलाखत बुडवली होती. वडिलांनी त्यावर एक शब्द काढला नव्हता, पण तेव्हापासून ते तिला 'गाडी कशी आहे' असंही विचारत नव्हते.

सतीशकुमार आला तेव्हा तिनं दोन तुकडे त्याच्या हातात ठेवले. पिंजऱ्याचं, म्हणजे ड्रायव्हरभोवती पाइपांचा जो सांगाडा असतो त्याचं सगळं काम सतीशकडे होतं. त्यानं ते तुकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. पण आश्चर्य वाटल्यासारखा नाही.

"तुला ठाऊक होतं," विनुता म्हणाली.

"ठाऊक नव्हतं. शंका होती." तो तमिळमध्ये हळू बोलत होता. "पाइप अर्ध्यातच संपला. पहिल्या दुकानातून घ्यायला कुणाकडे पैसे उरले नव्हते. दुसरा दुकानदार स्वस्तात देत होता, म्हणाला, हाच माल आहे, घे. मी घेतला. मोजला नाही."

"का नाही मोजला?"

"मोजला असता तर परत करावा लागला असता."

त्या वेळी तिनं स्वतःसुद्धा मोजला नव्हता.

सतीशनंच मग वाट काढली. स्पर्धेचे तपासनीस प्रत्येक पाइपची जाडी नियमात ठरवून दिलेल्या दोन भोकांतून पाहतात आणि ती भोकं टीमनं आधीच पाडून न्यायची असतात. जिथं भोक, तिथं तीनच्या पाइपचा वीतभर तुकडा कापून बसवायचा. वेल्ड घासून गुळगुळीत केला, वर रंग मारला की देवालाही कळणार नाही.

"आणि गाडी उलटली तर?"

"सगळ्या गाड्या उलटतात का? चिदंबर चांगला चालवतो." सतीशनं तिच्याकडे पाहिलं. "नाहीतर आत्ताच सरांना सांग. ते नाव मागे घेतील आणि आपण सगळे घरी जाऊ. सांगतेस?"

शेडमध्ये बाकीची मुलं येऊ लागली होती. कुणीतरी हसत होतं, कुणी कॉम्प्रेसर सुरू केला. विनुतानं त्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, "कर."

दोन दिवसांत सतीशनं तुकडे बसवले. काम इतकं सफाईदार झालं की जोड कुठं आहे ते विनुताला बोट फिरवूनही सापडेना. टीममधल्या आणखी दोघांना ठाऊक होतं, चिदंबरला नव्हतं.

चिदंबर विनुताचा मावसभाऊ. तिच्याहून एक वर्ष मागे, पापनाशमहून रोज पॅसेंजरनं ये-जा करणारा. अंगानं काडी, म्हणूनच ड्रायव्हर. त्याच्या वजनाएवढा हलका दुसरा कुणी नव्हता. आग लागली तर ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे, असा एक नियम होता. त्याची तालीम चालली होती. हेल्मेट, पट्टे, हातमोजे असा सगळा जामानिमा करून चिदंबर आत बसायचा आणि विनुतानं शिट्टी वाजवली की पट्टे सोडून बाहेर उडी घ्यायचा. तिसऱ्या खेपेला त्याचं हेल्मेट वरच्या कमानीवर आपटलं. ठण्ण आवाज झाला.

तो आतच बसून राहिला, हात वर करून कमान चाचपडली आणि मराठीत म्हणाला, "अक्का, हे धरील ना गं मज?"

सहजच विचारलं त्यानं. विचारून झाल्यावर हसलासुद्धा.

"हो," विनुता म्हणाली.

तेवढ्या एका शब्दानं तिची झोप गेली. घरी आईनं वाढलेला सारभात तिनं तसाच सारला. डोळे मिटले की तिला चिदंबरचा तो वर केलेला हात दिसे. मावशी आठवे. नियम मोडल्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. नियम लिहिणारे लोक दूर, अनोळखी होते. पण त्यानं तिला विचारलं होतं आणि तिनं हो म्हटलं होतं. आता सरांना सांगावं, तर वर्ष गेलं. न सांगावं, तर चिदंबर त्या डब्याखाली बसणार. आणि सतीशला पाइप बदलू या म्हणावं, तर तो म्हणणार, कशानं बदलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कॅन्टीनला गेले. विनुता शेडमध्ये थांबली. तिनं दार आतून लावलं, गॉगल चढवला, ग्राइंडरला नवी चकती लावली आणि मोठ्या कमानीच्या डाव्या पायात ती घातली. ठिणग्यांचा फवारा समोरच्या भिंतीपर्यंत गेला. पाइप भराभर कापला जात होता. इतका भराभर की तिला रडूच आलं. तीनचा असता तर एवढ्या लवकर कापला गेला नसता. डावा पाय झाला, उजवा झाला. मग वरचे दोन आडवे. शेवटचा जोड तुटला तशी कमान एका बाजूला कलली आणि फरशीवर पडून गोल गोल डोलत राहिली.

दारावर धक्के बसू लागले. तिनं ग्राइंडर बंद केला, दार उघडलं.

सतीश आत आला आणि नुसता बघत राहिला. बाकीचे त्याच्या मागे. कुणीतरी विचारलं, "काय झालं? कोणी केलं?"

"मी," विनुता म्हणाली, आणि पाइपची गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकली. आपण आधी 'कर' म्हटलं होतं, तेही सांगितलं. चिदंबर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जमिनीवरच्या कमानीकडे, आणि मान खाली घातली.

सतीशचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला आधी सांगायला काय झालं होतं? आपण बोललो असतो."

"बोललो असतो तर तू मला पटवलं असतंस."

"वर्षभर रोज या पिंजऱ्यावर हात फिरवलाय मी."

"ठाऊक आहे."

"नाही, तुला ठाऊक नाही," तो म्हणाला, बॅग उचलली आणि निघून गेला. त्याच्यामागे एकेक करून बरेच जण गेले. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये तिघंच उरली: विनुता, चिदंबर आणि ब्रेकचं काम बघणारी भुवना. भुवना फारशी बोलत नसे. तिनं एवढंच विचारलं, "ब्रेकच्या नळ्या काढून ठेवू का? पुढच्या वेल्डिंगमध्ये जळतील." पुढचं वेल्डिंग होणार असं धरून चालणारी तेवढी एकच.

टीमचे मार्गदर्शक कृष्णस्वामी सर. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसून परत चढवला. "तू केलंस ते बरोबर की चूक, हे मी आज सांगणार नाही," ते म्हणाले. "पण माझ्याकडे पाइप नाही. डिपार्टमेंटकडे मागायला तोंड नाही. गाडी स्पर्धेला न्यायला लॉरी पोंगलनंतरच्या सोमवारी येईल. तिरुचीच्या कॉलेजची गाडी त्याच लॉरीत आहे, ते आपल्यासाठी थांबणार नाहीत. गाडी उभी राहिली आणि मैदानात मी स्वतः ब्रेक पाहिले, तरच स्पर्धेच्या कागदावर सही करीन."

पाइप शेवटी शेडच्या मागेच मिळाला. गेल्या वर्षीच्या टीमचा अर्धवट सांगाडा तिथं पावसात गंजत पडला होता, वेलींनी वेढलेला. विनुतानं तो घासून मोजला: तीन. तिघांनी मिळून तो बाहेर ओढला. कमान शाबूत होती, पण ती चार बोटं जास्त रुंद. नवी वाकवून घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी कमान तशीच ठेवून गाडीचा मागचा भागच रुंद करायचं ठरवलं. एक ताणलं की दुसरं तुटे. मागचा भाग रुंद झाला तेव्हा इंजिनचे पाय बसेनात. ते बसवले तर गिअरपेटीतून मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट आखूड पडले. तेवढ्या लांबीचे शाफ्ट कुठं मिळेनात. शेवटी विनुतानं जुनेच मधोमध कापले, आत तुकडा घालून वेल्ड केले.

या वेळी तिनं चिदंबरला शेजारी बसवून दाखवलं. "हा जोड आहे बघ. हा तुटू शकतो. तुटला तर गाडी जागच्या जागी थांबेल, तुज काही होणार नाही. पण तुटू शकतो."

"सांगितलंस ते पुरे," चिदंबर म्हणाला. त्या दिवसानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. आता पहिल्यांदा त्यानं मान वर करून पाहिलं. "तेव्हाही सांगितलं असतंस तर मी बसलो असतो, अक्का. वेडाच आहे मी. म्हणून बरं झालं कापलंस."

पोंगलच्या दिवशी कॉलेज ओस पडलं होतं. चिदंबर पापनाशमला गेला होता, भुवना तिच्या गावी. विनुता एकटी आडवे पाइप बसवत होती. एकट्यानं ते काम होत नाही. एका हातानं पाइप धरून दुसऱ्या हातानं वेल्डिंगचा टाका मारावा, तर पाइप सरकतो. तिनं तोच पाइप चारदा बसवला आणि चारही वेळा तो तिरका बसला. चौथ्यांदा कापताना चकती फुटून तिच्या मनगटाला चाटून गेली. जखम मोठी नव्हती. पण तिनं ग्राइंडर खाली ठेवला आणि जमिनीवर बसून मोठ्यानं रडली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मनसोक्त रडली. आपण कशासाठी हे करतो आहोत तेच तिला कळेना. नोकरी गेली, मित्र गेले, वर्ष गेलं, आणि हाती उरला हा गंजका पाइप, तोही सरळ बसत नाही.

दारात वादिराजराव उभे होते, हातात जेवणाचा डबा. ते केव्हा आले, तिला कळलं नाही.

"तुझ्या आईनं पाठवलंय," ते म्हणाले. त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढून बांधला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून, सबस्टेशनची पाहणी करायला आल्यासारखी.

"हे तू कापलंस, असं चिदंबरच्या आईनं फोनवर सांगितलं."

"हो, अप्पा."

"मुलाखत गेली तेव्हा मज फार राग आला होता. आताही गेला आहे असं नाही." त्यांनी बाह्या दुमडल्या. "काय धरायचं आहे?"

तिनं त्यांना दुसरा गॉगल दिला, कातडी हातमोजे दिले. वादिराजरावांनी धोतराचा काष्टा घट्ट केला आणि पाइपचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. "डोळे मिटून घ्या," ती म्हणाली. त्यांनी मिटले. पाइप पहिल्याच खेपेला सरळ बसला. मग दुसरा. पोंगलचा गोड भात त्यांनी दुपार टळल्यावर खाल्ला, तोपर्यंत तो गार होऊन घट्ट झाला होता. जाताना ते इतकंच म्हणाले, "वर्ष वाया गेलं हे मी म्हणणारच. पण काम चोख कर."

लॉरी यायच्या दिवशी सकाळी वेण्णार नदीच्या काठच्या रानात चाचणी होती. कृष्णस्वामी सर स्कूटरवरून आले. ब्रेक मारल्यावर चारही चाकं एकाच वेळी अडकली पाहिजेत. पहिल्या दोन खेपांना मागचं डावं चाक फिरतच राहिलं. भुवना चिखलात पालथी पडून नळीतली हवा काढत होती. तिसऱ्या खेपेला चारही चाकांच्या रेघा मातीत सरळ उमटल्या. सरांनी खिशातलं पेन काढलं. "चढावर एकदा नेऊन आण," ते म्हणाले.

चिदंबरनं गाडी बांधाच्या चढावर घातली. निम्म्यात काठी मोडल्यासारखा आवाज झाला, इंजिन मोकळंच ओरडलं आणि गाडी मागे घसरत येऊन थांबली. उजवा शाफ्ट जोडाशीच तुटला होता.

लॉरी दुपारी यायची होती. सरांनी पेन परत खिशात ठेवलं. "विनुता," ते हळूच म्हणाले, "पुरे आता. जेवढं झालं तेवढं खूप झालं."

विनुता गाडीच्या चाकाला पाठ लावून ओल्या मातीत बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त तिथून उठायचं नव्हतं.

बांधावर एक मोटारसायकल उभी होती. ती केव्हापासून उभी होती, कुणास ठाऊक. सतीश खाली उतरून आला. तो सरळ गाडीखाली वाकला आणि तुटलेले तुकडे काढून घेतले.

"जोड दिलास शाफ्टला," तो म्हणाला. "आणि मला नावं ठेवतेस."

"शाफ्ट तुटला तर गाडी थांबते."

सतीशनं ते ऐकून घेतलं. तुटलेली टोकं एकमेकांना लावून पाहिली आणि म्हणाला, "गाडी अशीच लॉरीत चढवा. पोचायला चार-पाच दिवस लागतील. तिरुचीला माझ्या मामाकडे लेथ आहे. मी दोन्ही शाफ्ट सलग, एका दांड्यातून काढून घेतो आणि रेल्वेनं घेऊन येतो. सर, सही करता का? ब्रेक तर तुम्ही पाहिलेत."

सरांनी विनुताकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हाच मुलगा, ज्यानं न मोजता पाइप आणला होता. त्यानं शाफ्ट आणलेच नाहीत, किंवा आणले आणि ते पुन्हा दुसऱ्याच लोखंडाचे निघाले, तर दोन हजार किलोमीटरवर एक मेलेली गाडी घेऊन उभं राहायचं.

"कुठलं पोलाद वापरशील?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. "त्याच दांड्याचा तुकडा बरोबर आणीन. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तपासून घे."

"तपासणार आहेच," ती म्हणाली आणि उठली. "सर, सही करा."

गाडी स्पर्धेच्या मैदानावर पोचली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सतीश तिथं आला, जनरलच्या डब्यातून, गोणपाटात गुंडाळलेले शाफ्ट उराशी धरून. विनुतानं तंबूत बसून ते सगळीकडून मोजले, आणलेला तुकडा तपासणीला दिला. तो समोर बसून राहिला, रागावला नाही. ठीक निघाल्यावर तिनं एक त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि दोघं गाडीच्या दोन बाजूंना झोपली. त्या कामात त्यांचं जे बोलणं झालं ते पान्यांबद्दलच झालं.

तपासनिसांनी भोकांतून पाइप मोजले आणि गाडी पास केली. शेवटच्या दिवशी चार तासांची शर्यत होती. तंजावूरची गाडी सगळ्यात मागून निघाली. रुंद मागच्या भागामुळे ती वळणावर बदकासारखी चाले, बाकीची मुलं पाहून हसत. पण ती चालली. एक तास चालली, दुसराही चालली. चिखलाच्या खड्ड्यात महागड्या गाड्या रुतून बसल्या, तेव्हा चिदंबर त्यांच्या कडेनं निघून गेला. भुवना प्रत्येक फेरीला तिचा आकडा पुटपुटत राही. तिसऱ्या तासात जुन्या गिअरपेटीनं दात टाकले. मोठ्या चढाच्या ऐन मध्यावर गाडी थांबली ती थांबलीच. चिदंबर बाहेर आला, हेल्मेट काढून शेजारच्या दगडावर बसला आणि टीमकडे बघून हात हलवू लागला.

निकालात त्यांचं नाव बरंच खाली होतं. शेड जायचीच होती, ती गेली. सतीश आणि विनुता पुन्हा पहिल्यासारखे मित्र झाले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी गाडी ओढून आणल्यावर विनुतानं वडिलांना फोन लावला.

"अप्पा, बंद पडली."

"कोठे?"

"चढावर. तिसऱ्या तासाला."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"पोरगा बरा आहे ना?"

"बरा आहे. भूक लागली म्हणतो."

"मग आधी जेवा जा सगळी," वादिराजराव म्हणाले. "आणि तो पाइप... मी धरला होता तो. तो कसा राहिला?"

"सरळ आहे, अप्पा," विनुता म्हणाली.